नऊ बोटांचं गाणं

डुकरीण खांद्यावर आली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

थोर्किल आगरस्कोवच्या सत्तरीचं जेवण होतं. गावच्या हॉलमध्ये, मार्चमधल्या शनिवारी, दुपारी एकला. चौऱ्याऐंशी माणसं. भाजलेलं मांस, साखरेत परतलेले बटाटे, लाल कोबी, सगळं रीतसर. ताटं दुसऱ्यांदा फिरली आणि थोर्किलच्या मुलीनं, मेरेटेनं, प्रत्येकाच्या हातात गाण्याचा कागद ठेवला. गाण्याशिवाय सत्तरी आमच्याकडे होतच नाही. ज्याचा दिवस असतो त्याचं आयुष्य आठ-नऊ कडव्यांत रचायचं, ओळखीच्या जुन्या चालीवर बसवायचं आणि सगळ्यांनी मिळून ते त्याच्या तोंडावर गायचं. मग उभं राहून तीनदा तीन हुर्रे, आणि शेवटी एक लांबलचक दहावा.

हा उद्योग मी चाळीस वर्षं करते आहे. मी रिगमोर टॉफ्ट. डेन्मार्कात, लिमफ्योर्ड खाडीच्या या काठावर कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कुणाची साठी आली, की लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवते, कॉफी देते, म्हणते, "आता खरं खरं सांगा," आणि दोन तास ऐकते. लिहिणाऱ्याचं नाव कागदावर टाकायचं नाही अशी आमची रीत आहे. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. लिहिणारी कोपऱ्यात बसते आणि आपला काही संबंधच नाही असा चेहरा करते. इतरांबरोबर गातसुद्धा नाही.

थोर्किलचं गाणं मी लिहिलेलं नव्हतं. मेरेटेनं मला विचारलं नाही याचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मनाशी म्हटलं, पोरीनं बापासाठी स्वतः लिहिलं असेल तर चांगलंच आहे की. चाल कापणीच्या जुन्या गाण्याची होती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात थोर्किल हिमवादळातून डुकरीण खांद्यावर टाकून दोन किलोमीटर चालत घरी आला. लोक खो खो हसले. आमच्याकडची डुकरीण अडीचशे किलोची असते. मीही हसले. म्हटलं, पोरीला विनोद जमतो.

मग तिसरं कडवं आलं.

दहा बोटांच्या गड्यांना
जमले नाही जे काम,
दहा बोटांनी थोर्किलने
केले, न गाळता घाम!

आता सांगा, दहा बोटांनी जमलं नाही ते दहा बोटांनी केलं, यात कसलं आलंय कौतुक? माझ्या शेजारी एगोन बसला होता. सगळ्या समारंभांचं सूत्रसंचालन तोच करतो. तो गाता गाता पुटपुटला, "हे काही समजलं नाही बुवा."

मला समजलं होतं. मूळ ओळीत 'नऊ' होतं. 'नऊ बोटांनी वर्नरने.' आणि खांद्यावर डुकरीण नव्हती, वासरू होतं. थंडीनं आखडलेलं, दोन तासांचं वासरू, जे माझ्या नवऱ्यानं सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत आपल्या कोटात गुंडाळून घरी आणलं होतं. कोटाला आलेला वास शेवटपर्यंत गेला नाही. कोट अजून माझ्याकडे आहे.

वर्नरचं डाव्या हाताचं शेवटचं बोट एकोणिसाव्या वर्षी बीट कापायच्या यंत्रात गेलं. त्यावर त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट जन्मभर चेष्टा केली. गावातल्या प्रत्येक समारंभात नऊ हुर्रे झाले की तो तोंड मिटायचा आणि डावा हात वर करून म्हणायचा, "माझी संपली." दहावा हुर्रे बाकीच्यांचा. हॉलमधल्या लहान पोरांनाही ते ठाऊक होतं, ती दहाव्याच्या आधी वर्नरकडे बघायची.

त्याच्या सत्तरीसाठी मी गाणं लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी. बासष्ट कागद छापून झाले होते, त्यांच्या गुंडाळ्या करून प्रत्येकीला गवताचे गठ्ठे बांधायची निळी सुतळी बांधून झाली होती. सत्तरीला अकरा दिवस उरले असताना तो गोठ्याच्या दारात बसला तो उठलाच नाही. ते गाणं कुणीच कधी गायलं नाही. मी स्वतःशीसुद्धा गुणगुणलं नाही. गुंडाळ्या चादरींच्या कपाटात ठेवल्या. पुढे माझ्या भाचीनं, सिग्नेनं, माझ्या गाण्यांची वेबसाइट करून दिली तेव्हा तिनं विचारलं, "नमुन्याला सत्तरीचं एखादं आहे का?" मी वर्नरचं दिलं. कपाटात कोंडून राहण्यापेक्षा कुणीतरी वाचेल तरी, असं वाटलं. पानाच्या तळाशी माझा फोन नंबर आहे आणि एक ओळ आहे: यातलं काही हवं असेल तर आधी फोन करा.

आणि आता ते पहिल्यांदा गायलं जात होतं. चौऱ्याऐंशी गळ्यांतून, त्याच हॉलमध्ये, जिथे ते गायलं जाणार होतं. दुसऱ्याच्या नावानं.

मी आठही कडवी ऐकली. सहाव्यात थोर्किलनं मला, म्हणजे आपल्या बायकोला, पहिल्यांदा नाचायला बोलावलं आणि तिच्या बुटावर कॉफी सांडली. ते बूट माझे होते. थोर्किलची बायको बिचारी चार वर्षांपूर्वी गेली, तिला तर नाचाचा तिटकारा होता. मग सगळे उभे राहिले. नऊ हुर्रे झाले. एगोननं हात वर केला आणि दहावा हुर्रे घुमला, चांगला लांबलचक. माझं डोकं तापलं ते तिथे.

लोक बसले. मी बसले नाही. चमचा घेतला आणि ग्लासावर वाजवला. ग्लास वाजला की बोलू द्यायचं, ही आमची रीत, आणि ती मोडायची हिंमत एगोनमध्येही नाही. तरी तो कुजबुजला, "रिगमोर, तुझं नाव यादीत नाही."

"माझं नाव कागदावरही नाही," मी म्हटलं. "म्हणूनच उभी राहिले."

मी थोर्किलकडे बघून बोलले. तो माझा शत्रू नाही. चाळीस वर्षं शेजारी शेत आहे.

"थोर्किल, तुला सत्तरीच्या शुभेच्छा, अगदी मनापासून. पण आत्ता तुम्ही जे गायलात ते थोर्किलचं गाणं नाही. ते वर्नरचं आहे. मी लिहिलेलं. त्याच्या सत्तरीला गायचं राहिलं होतं. यातली डुकरीण म्हणजे वासरू आहे आणि दहा म्हणजे नऊ आहेत. ज्यांना ती ओळ समजली नाही त्यांना आता समजली असेल."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मेरेटे कॉफीच्या टेबलापाशी उभी होती. ती एका मोठ्या कंपनीत जाहिरातींचं काम बघते, बोलण्यात कुणाला हार जात नाही.

"रिगमोर, हे आत्ताच काढायला हवं का?" ती म्हणाली. "बाबांचा दिवस आहे."

"गाणं आत्ता गायलंत, मग बोलू कधी, ख्रिसमसला?"

"इंटरनेटवर होतं. कुणालाही दिसत होतं. खाली नावसुद्धा नव्हतं."

"तुझी सायकल स्टेशनबाहेर सगळ्यांना दिसते. तिच्यावर तुझं नाव नाही. मी बसून घरी घेऊन जाऊ?"

दोघं-तिघं हसले. मेरेटेचे कान लाल झाले. "नेमकं काय नेलं मी तुझं? गाणं अजून तुझ्या साइटवर आहेच की. आणि चाल तर तूही उचललेलीच आहेस. कापणीचं गाणं काय तू रचलंस?"

चोर तो चोर, वर शिरजोर. पण प्रश्न खोटा नव्हता, तेव्हा उत्तर देणं भाग होतं.

"चाल सगळ्यांची आहे. रचणारा जाऊन दीडशे वर्षं झाली. तरी मी प्रत्येक कागदावर वरती लिहिते, चाल कुठल्या गाण्याची ते. तूही लिहिलं आहेस, बघ. का माहितीये? कारण माझं जसंच्या तसं उतरवलंस. ते उतरवताना तळाची ओळ दिसली नाही? फोन करा म्हणून लिहिलंय. केला असतास फोन, तर थोर्किलसाठी नवं गाणं मी कॉफीच्या एका कपावर लिहून दिलं असतं. तुला माझं गाणं नको होतं, मेरेटे. तुला फक्त दोन तास वाचवायचे होते."

"तुला वाटतं तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो."

"मग आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं?"

एगोन मध्ये पडला. त्याचा जीव नेहमी समारंभ पार पडण्यात असतो. "हे बघा, सोपं आहे. आपण हेच गाणं पुन्हा म्हणू या, वर्नरच्या नावानं. सगळे आहेतच. काय रिगमोर? आठ मिनिटांत होईल."

भला माणूस आहे, पण अक्कल तेवढीच. "दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं वर्नरला वाढू नका," मी म्हटलं. आणि टेबलांवरून कागद गोळा करायला लागले. एकेकाच्या पुढ्यातून. काहींनी मुकाट्यानं दिले, काहींनी नजर चुकवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गाण्यावरून," तर मी त्यांचा कागद जरा जोरातच ओढला. एवढंसं असतं तर चोरलं कशाला असतं?

थोर्किलच्या पुढे आले. त्यानं कागद सोडला नाही. तो वाचत होता, चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाशी धरून.

"मेरेटे," तो म्हणाला, "यात माझं काय आहे?"

"बाबा, नंतर बोलू."

"नाही, मी नुसतं विचारतो. डुकरीण मी उचलली नाही. बोटं माझी दहाच. नाचायला मी कधी गेलो नाही. सत्तर वर्षं झाली. मला वाटलं होतं, एखादं कडवं तरी माझं असेल."

त्या क्षणी मला कळलं की हॉलमध्ये लुटलेले आम्ही दोघं आहोत. माझ्या नवऱ्याचं आयुष्य काढून घेतलं होतं, आणि थोर्किलला त्याचं स्वतःचं दिलंच नव्हतं. माझा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला. थोर्किलनं कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

दारापाशी जाऊन मी वळले. "अकरा एप्रिल. रविवार, दुपारी एक. इथेच. वर्नरचा वाढदिवस, बहात्तरावा. जेवण माझं. ज्याला यायचं त्यानं यावं." आणि केक न खाताच घरी गेले. त्या हॉलमध्ये असं मी पहिल्यांदाच केलं.

पुढचे आठ दिवस गावाला बोलायला विषय मिळाला. दुकानात माझ्या मागे रांगेत कुणीतरी म्हणालं की रिगमोरला नवऱ्याच्या मागे करमत नाही म्हणून भांडणं उकरते. मी वळून म्हटलं, "करमत नाही हे खरं आहे. पण चोरी तिनं केली, हेही खरं आहे." सिग्नेनं विचारलं, गाणं साइटवरून काढून टाकू का. मी म्हटलं, अजिबात नाही. घरात चोर शिरला म्हणून मी घर सोडू की काय? खाली माझं नाव टाक, मोठ्या अक्षरात. रीत गेली खड्ड्यात. ती रीत एकमेकांना ओळखणाऱ्या चौऱ्याऐंशी माणसांसाठी होती, सगळ्या जगासाठी नव्हती. नाव न टाकण्याची ती चूक माझी, ती मी दुरुस्त केली.

नवव्या दिवशी फोन वाजला.

"मी मेरेटे," आवाज आला. "तुझ्या पानावर लिहिलंय, आधी फोन करा."

"नऊ दिवस उशीर झाला."

"माहितीये." ती म्हणाली. "बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, हवेबद्दल. रिगमोर, मला माफ कर. आणि त्यांच्यासाठी एक गाणं लिहून दे. तू म्हणशील ते करीन."

मला तिची दया आली. तरी मी नाही म्हटलं.

"मी लिहिणार नाही. तू लिही. मी चाळीस वर्षं जे विचारते तेच तुला विचारते. बापाबद्दल तीन खऱ्या गोष्टी सांग. दुसऱ्या कुणाबद्दल सांगता येणार नाहीत अशा."

ती म्हणाली, "ते पहाटे साडेचारला उठतात."

"इथे सगळेच उठतात."

ती रडत होती बहुतेक, पण मी काही फोन ठेवू दिला नाही.

"सुचत नाही," ती शेवटी म्हणाली.

"सुचायचं नसतं, विचारायचं असतं. घरी जा. कॉफी कर. त्याच्यासमोर बस आणि दोन तास तोंड बंद ठेव. तेच दोन तास, जे तू वाचवलेस."

अकरा एप्रिलला मी बाराला हॉल उघडला. साठ माणसांचं जेवण केलं होतं, मनात धरलं होतं वीस येतील. एगोन आला, डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्याकडे न बघता बटाटे सोलायला बसल्या. पाऊण वाजेपर्यंत खुर्च्या कमी पडल्या. थोर्किल आला, नवा शर्ट घालून. त्याच्या मागे मेरेटे, हातात केक. मी केक घेतला आणि तिला ताटं मांडायला लावलं.

"झालं गाणं?" मी विचारलं.

"दोन कडवी. तिसरं लंगडतंय," ती म्हणाली. "त्यांनी एका डुकराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, तुला माहीत होतं? स्वयंपाकघरात. आई तीन दिवस माहेरी जाऊन राहिली होती."

"नव्हतं माहीत," मी म्हटलं, आणि खरंच नव्हतं.

जेवण झालं तशी मी कपाटातल्या गुंडाळ्या काढल्या. बासष्ट होत्या, दोघांत एक पुरली. प्रत्येकीच्या तळाशी मी पेननं लिहिलं होतं: शब्द रिगमोर टॉफ्ट, चाल जुनी, कापणीची. निळी सुतळी सोडली तरी कागद सरळ होईनात. दोन वर्षं गुंडाळून राहिलेले ते, सोडले की पुन्हा वळत. एकानं वरून धरायचं, दुसऱ्यानं खालून, तेव्हा कुठे वाचता येत होतं. थोर्किलनं खालचं टोक धरलं होतं, वरचं मेरेटेनं.

ते गायले. वासरू आलं, वर्नरच्या कोटासकट. तिसऱ्या कडव्यात 'नऊ' आलं तेव्हा ते इतक्या जोरात आलं की काचा हादरल्या. सहाव्यात माझ्या बुटावर कॉफी सांडली. कोपऱ्यात बसायचं, गायचं नाही, ही लिहिणाऱ्याची रीतही मी त्या दिवशी मोडली. माझा आवाज वाईट आहे. मी आठही कडवी गायले.

गाणं संपलं तसे सगळे उभे राहिले आणि तसेच थांबले. एगोन माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आता काय करू? गेलेल्या माणसाला हुर्रे करत नाहीत, रिगमोर. एक मिनिट शांत उभं राहायचं असतं."

"दोन वर्षं शांतच उभी होते," मी म्हटलं. "हुर्रे कर."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन. छताला टांगलेले कागदी झेंडे हलले. मग एगोननं सवयीनं दहाव्यासाठी हात वर नेला, तो लांबलचक शेवटचा.

शंभराच्या आसपास माणसं होती. कुणीही तोंड उघडलं नाही.